चाळीस मिनिटांची मदत

बिस्किटांच्या त्या लहानशा कारखान्यात चवबाईंनी मान हलवल्याशिवाय एक पुडाही दाराबाहेर पडत नसे. मालकांना बाईंच्या जिभेचा जेवढा अभिमान, तेवढाच त्यांच्या उपोसथाचा. दर पौर्णिमेला बाई हे बौद्ध व्रत करत, अष्टशील म्हणजे आठ नियम पाळत. दुपारी बारानंतर अन्नाचा कण तोंडात घालत नसत. म्हणून त्या दिवशी चव घेण्याचं काम मालक सकाळीच उरकून घेत. ध्यानासाठी त्यांनी कोठीत एक कोपराही रिकामा करून दिला होता. पाहुण्यांना हे सगळं ते अशा थाटात सांगत, जणू शील त्यांनीच घेतलंय.

नेमक्या एका पौर्णिमेला मोठा खरेदीदार येणार होता. मालक तीन वर्षं त्याच्या मागे होते. बाईंनी पसंत केलेलं नवं बिस्कीटच आपण घेऊ, असं त्याने बजावलं होतं. आणि सकाळीच वीज गेली. ती येईपर्यंत इतका उशीर झाला की बिस्किटं हाती यायला बारा वाजून वीस मिनिटं होणार, हे स्पष्ट दिसत होतं.

ऑर्डर गेली तरी चालेल, पण बाईंचं शील मोडायचं नाही, असं मालकांनी मनाशी ठरवलं. मग ऑर्डरही जाऊ नये, असं वाटलं. पिठात काही पडू नये म्हणून सगळ्यांची घड्याळं आणि फोन दाराजवळच्या कपाटात असत. आत भिंतीवरचं एकच घड्याळ. बाई कोठीत डोळे मिटून बसल्या होत्या, भट्टीवाले काका भट्टीत डोकं घालून होते. मालक स्टुलावर चढले आणि त्यांनी घड्याळ चाळीस मिनिटं मागे केलं. आपण धर्माला हातभार लावला, या समाधानात ते खाली उतरले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. काकाही तेच घड्याळ बघत होते. 'पीठ अकरा चाळीसला काढणे' असं त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं आणि अकरा चाळीस काही केल्या होईनात. पीठ आपलं निवांत पडून राहिलं. शेवटी बिस्किटं आली तेव्हा त्या घड्याळातही बारा वाजून वीसच झाले होते.

खरेदीदार समोर उभा. बाईंनी बिस्कीट हातात घेतलं, कानाजवळ नेऊन मोडलं, वास घेतला आणि खाली ठेवलं.

"नापास. पीठ दुप्पट वेळ भिजत पडलंय."

"अहो बाई, घड्याळ बघूनच काढलंय मी," काका म्हणाले.

"मग घड्याळ चुकलंय, काका."

खरेदीदार कपाटापाशी जाऊन स्वतःचं घड्याळ बघून आला. एक वाजला होता. मालकांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"तोंडात न घालता यांनी तुमचं घड्याळ पकडलं," खरेदीदार म्हणाला. "मी उद्या सकाळी येतो. यांनी पास केलेलं सगळं माझं."

मालकांची छाती फुगली आणि तेवढ्यात त्यांना बाईंचा डबा आठवला. रोजच्यासारखा साडेअकराला खाल्लेला. म्हणजे खरं तर बारा वाजून दहा मिनिटांनी. मदत करता करता बाईंचं शील मालकांनीच मोडलं होतं. त्यांनी बाईंच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं.

"मी जाणूनबुजून खाल्लं नाही, माझं शील शाबूत आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासाठीच केलंत, तेही कळतं. पण खरंच मदत करायची असेल, तर पुढच्या पौर्णिमेला माझ्यासोबत अष्टशील घ्या."

दिवसातून पाच वेळा खाणाऱ्या मालकांनी खरेदीदारासमोर हो म्हटलं. आणि दिलेला शब्द पाळलाही. त्या पौर्णिमेला दुपारी चार वाजता, ताज्या बिस्किटांच्या घमघमाटात, बाईंनी येऊन विचारलं, "कसं वाटतंय, मालक?"

"फार अभिमान वाटतोय," मालक म्हणाले. मग खोटं न बोलण्याचं शीलही आजच घेतलंय, हे त्यांना आठवलं.

"आणि भूक लागलीय. अभिमानापेक्षा जास्त."