पार्वतीबाईंचं कुलूप

पहिल्या दिवशी कुलूप उघडलं नाही तेव्हा शीलानं किल्लीला दोष दिला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला दिला. तिसऱ्या दिवशी दोष द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा नवऱ्यानं, म्हणजे भीमाशंकरनं, हळूच भिंतीवरच्या आपल्या आईच्या फोटोकडे बघितलं आणि शीलाच्या अंगावर उगीचच काटा आला.

कुलूप घराचं नव्हतं. उदगीरमधल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक लोखंडी कचरापेटी आहे, तिचं होतं. कचरापेटीला कुलूप घालणारी गल्ली तुम्ही पाहिली नसेल, पण मग तुम्ही भीमाशंकरच्या आईला, पार्वतीबाईंनाही पाहिलेलं नाही. पलीकडच्या गल्लीतले लोक आपल्या पेटीत कचरा आणून टाकतात, हा त्यांना घोर अन्याय वाटे. त्यांनी पेटीला झाकण करून घेतलं, झाकणाला कडी, कडीला मुठीएवढं कुलूप, आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. सकाळी साडेसहाला घंटागाडी यायच्या आधी त्या पेटी उघडून उभ्या राहत. बायका बादल्या घेऊन येत आणि पार्वतीबाई प्रत्येकीच्या बादलीत डोकावत. "हे वांगं काहून टाकून राहिलीस? देठाकडं चांगलं हाय की!" असं म्हणत त्यांनी कित्येक वांगी परत घरी पाठवली होती. भाद्रपदात त्या वारल्या. किल्ली कमरेवरून कोपऱ्यावरच्या त्यांच्याच घरातल्या खिळ्यावर आली आणि बायका मोकळ्या मनानं वांगी टाकू लागल्या.

आता मार्गशीर्ष लागला होता, पहाटे दात वाजत होते आणि शीलाला वेगळीच घाई होती. तिची आई किल्लारीला एकटी राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोमवारी उदगीरला ऑपरेशन, आणि पुढे पंधरा दिवस डोळ्यांत औषध घालायला कुणीतरी हवं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आई या घरी एकदाही मुक्कामाला राहिली नव्हती. "तुमच्यात लेकीच्या घरी मुक्काम करत्यात व्हय?" असं पार्वतीबाईंनी तिला एकदाच विचारलं होतं. तेवढं पुरलं.

आता पार्वतीबाईंची खोली रिकामी होती. रिकामी म्हणजे माणसापुरती. बाकी तिथं चाळीस वर्षांच्या लग्नपत्रिका, औषधाच्या बाटल्या, सुतळीचे तुकडे आणि पिशव्यांनी भरलेल्या पिशव्या होत्या. शीलानं त्यांची पाच गाठोडी बांधली आणि मंगळवारी सकाळी पहिलं गाठोडं घेऊन पेटीशी गेली. किल्ली फिरेना. दुपारी बारा वाजता तिनं सहज लावून बघितली, तर बोटाच्या टोकानं फिरली. तिनं गाठोडं आत टाकलं आणि कुलूप घातलं. बुधवारी सकाळी घंटागाडी आली, गाडीवरचा हनुमंत उतरला, आणि कुलूप पुन्हा ढिम्म. गाडी गेली. दुपारी कुलूप गुमान उघडलं.

समोरच्या घरात श्रीमंत राहायचा. त्याला नोकरी नव्हती, पण मत होतं.

"सकाळी गाडी येती तवा बंद," तो पेटीपासून चार हात लांब उभा राहून म्हणाला. "गाडी गेली का उघडं. म्हंजी म्हातारीला सामान पेटीत गेल्यालं चालतंय, गावाभाईर गेल्यालं चालत न्हाई."

अशा गोष्टी एकदा कुणी मोठ्यानं बोललं की परत घेता येत नाहीत.

गुरुवारी श्रीमंतनंच हातोडी आणली. पहिला घाव कुलपावर घातला, तो बसला त्याच्याच अंगठ्यावर. अंगठा लिंबाएवढा सुजला, कुलपावर ओरखडाही नव्हता. शीला चिडून उरलेली गाठोडी थेट गाडीत टाकायला गेली, तर हनुमंत मागं सरकला.

"वैनी, पेटीनं नको म्हणल्यालं मी गाडीत कसं घेऊ? रोज चहा पाजलाय मला त्या मायनं."

मग पेटी भरून वाहू लागली, पण उघडी ठेवायचं धाडस कुणाला होईना. धुक्यातून पहाटे दुधाला जाणाऱ्यांना पेटीपाशी किल्ल्या वाजल्याचा आवाज येऊ लागला. बायका आपापल्या बादल्यांत स्वतःच डोकावून बघू लागल्या आणि अर्धी वांगी पेटीपर्यंत पोचेनाशी झाली. भीमाशंकर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमालांचा मुकादम. शंभर माणसांवर ओरडणारा हा गडी भरदुपारी आईच्या खोलीवरून जाताना चपला हातात घ्यायचा.

"आई नको म्हणायलीय," तो म्हणाला. "तुझ्या आईला दुसरीकडं कुठं..."

"दुसरीकडं कुठं?" शीलानं विचारलं. तो चपला उचलून मोंढ्याकडं निघून गेला. दुसरी जागा तिलाही सुचेना, आणि म्हणून तिला रडू आलं.

शुक्रवारी सकाळी डोकं विंचरायला तिनं खोबरेलाची बाटली उपडी केली. थेंब पडेना. थंडीनं तेल पांढरं, घट्ट झालं होतं. दर हिवाळ्यात करायची तशी तिनं बाटली उन्हात ठेवली, आणि तशीच उभी राहिली.

"आवो! कुलपात कुणी तेल घातलं व्हतं का?"

"मीच. दिवाळीनंतर लई करकरत व्हतं. अर्धी बाटली ओतली."

"कंचं तेल?"

"खोबऱ्याचं. आईचंच पडलं व्हतं."

शीला इतकी हसली की शेजारच्या बायका गोळा झाल्या. तिनं सगळ्यांना बाटली दाखवली. सकाळी गारठ्यानं कुलपात तेल गोठतं, दुपारी उन्हानं पातळ होतं, एवढंच! बायकांनी सुटकेचा श्वास सोडलाच होता, इतक्यात दारात ऑटो थांबला आणि मुरुडहून भीमाशंकरची थोरली बहीण सगुणाबाई उतरली. तिला सगळं फोनवर कळलं होतं. कुणी कळवलं हे श्रीमंतच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

सगुणाबाईनं बाटली हातात घेऊन सगळं ऐकून घेतलं.

"तेल गोठलं, खरं हाय. पर गोठवलं कुणी?"

"थंडीनं, आक्का."

"थंडी दर साली पडती. कुलूप दर साली उघडत व्हतं."

"दर साली त्यात खोबरेल नव्हतं!"

"मग औंदाच कसं आलं? कुणाचं तेल हाय ते?"

"आत्यांचं," शीलाच्या तोंडून सासूचं नाव निघून गेलं.

"बघ," सगुणाबाई म्हणाली. बायकांनी सोडलेला श्वास परत आत घेतला.

मग निकाल लागला. शनिवारी सकाळी, गाडीच्या वक्ताला, शीलानं मायचं नाव घेऊन कुलूप उघडायचं. उघडलं तर माय व्हय म्हणली. सामान जाईल आणि शीलाची आई खुशाल येईल. नाही उघडलं तर गाठोडी परत खोलीत आणि खोलीला टाळं. "आन् गरम पाणी न्हाई, फडकं न्हाई," असं म्हणून सगुणाबाईनं किल्ली स्वतःच्या पदराला बांधली आणि शीलाचं अंथरूण आपल्या अंथरुणाला लावून घातलं.

गल्लीत कुलूप का अडतं हे फक्त शीलाला पटलेलं होतं, आणि म्हणूनच सकाळी ते उघडणार नाही हेही फक्त तिलाच पक्कं ठाऊक होतं. बाकीच्यांना निदान आशा होती.

शनिवारी धुकं असं की दहा पावलांवरची पेटी दिसेना. मफलर, शाली, कानटोप्या गुंडाळून सगळी गल्ली उभी होती. हनुमंतनं गाडीवरचं गाणं बंद केलं. सगुणाबाईनं किल्ली सोडून शीलाच्या हातात दिली. किल्ली बर्फासारखी गार होती. शीलानं डोळे मिटले. खरं तर तिला राग यायला हवा होता, पण आईची जीपमध्ये चढताना पायरी चाचपणारी पावलं तिच्या डोळ्यांपुढं आली आणि रागाचं पाणी झालं.

"आत्या," ती पुटपुटली, "माझं तुमच्याशी भांडण न्हाई वं. आईला दिसत न्हाई, एवढंच."

तिनं कुलूप हातात धरलं आणि दचकली. कुलूप कोमट होतं. किल्ली फिरली, कडी सुटली.

"माय व्हय म्हणली!" सगुणाबाई ओरडली आणि हमसून हमसून रडू लागली. हनुमंतनं पाया पडून पेटी रिकामी केली आणि पाचही गाठोडी नेली. श्रीमंतनं सुजलेला अंगठा वर करून सगळ्यांना दाखवला. अर्ध्या तासात गल्ली अशी निवांत झाली, जणू चार दिवस काही घडलंच नव्हतं.

शीलानं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. अठरा वर्षांत त्याच्याबद्दल तिला इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं.

"मला कळलं बरं का. तुम्हीच गरम केलं कुलूप."

भीमाशंकरचा चेहरा पांढरा पडला होता.

"गेलतो मी. पाचला, मागल्या दारानं, काड्याची पेटी घेऊन. कुलपाला हात लावला, तर ते आधीच गरम. आत्ताच कुणी मुठीतून सोडल्यावाणी. काडी वढलीच न्हाई मी. पळत आलो. एक चप्पल तिथंच राहिली."

"मग आक्कानं केलं असंल."

"आक्का तर घोरत व्हती."

ते शीलालाही माहीत होतं. त्या घोरण्यानंच तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिनं श्रीमंतचं नाव घेतलं, तर श्रीमंत सातच्या आत कुणी उठवल्याशिवाय उठत नाही हे तिचं तिलाच आठवलं. तिनं हळूच गॅस बंद केला. आता गल्लीत घाबरलेली माणसं दोनच होती, आणि त्यातली एक कालपर्यंत सगळ्यांना हसत होती.

दुपारी आई जीपनं आली. हातात पिशवी, पिशवीत डॉक्टरचे कागद. शीलानं खोली झाडून पलंगावर नवी चादर घातली होती. भिंतीला हात लावत लावत आई दारापर्यंत आली.

"हीच का गं? जाऊ आत?"

"थांब," शीला म्हणाली. "आधी इचार."

"कुणाला? आत कुणी दिसत न्हाई मला."

"मलाबी दिसत न्हाई. तू इचार तर खरं."

आईनं लेकीकडे बघितलं. मग तिनं पदर डोक्यावरून घेतला, रिकाम्या पलंगाकडे तोंड करून हात जोडले आणि विचारलं, "येऊ का, इहीणबाई?"

आणि दोघी उंबऱ्याबाहेर उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.