करवंदवाडीची चित्रपट एकमत समिती

समाजात शांतता नांदायची असेल, तर एका गावातल्या सगळ्या माणसांनी एकच चित्रपट एकत्र बसून कधीही पाहू नये. लोकांचा समज असा की भांडणं जमिनीवरून होतात, बांधावरून होतात, निवडणुकीवरून होतात. हा समज चुकीचा आहे. बांधाची मोजणी होते आणि निवडणुकीचा निकाल लागतो. चित्रपटाचं तसं काहीच होत नाही, तो नुसता संपतो आणि लोक घरी येतात.

आमच्या करवंदवाडीला हा धोका पूर्वी नव्हता. गाव आंदर मावळात, डोंगराच्या पोटाशी. एसटी सकाळी येते आणि संध्याकाळी येते (मधल्या वेळात ती येणार असते). त्यामुळे उठून थेटरात जाण्याची चैन कोणाला नव्हती. जो तो आपापल्या मोबाईलवर आपापला चित्रपट बघायचा, आपापला निराश व्हायचा आणि म्हशींचं बघायला जायचा. निराशा ही ज्याची त्याची खासगी बाब होती आणि गावात सलोखा होता.

मग गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात शूटिंगवाले आले. त्यांना खरं म्हणजे कोकण हवं होतं. पण कोकण पडलं लांब आणि आम्ही पडलो एक्सप्रेसवेच्या जवळ. सबब करवंदवाडीला चार दिवस कोकण म्हणून काम करावं लागलं. गावाने ते चोख केलं.

या कामात दोन घरांचा सहभाग मोठा होता. एक हनुमंत आबांचं. आबांना पानांचं इरलं पांघरून भर पावसात बांधावरून चालत जायला सांगितलं. आबा चालत गेले. परत बोलावलं, परत गेले. दिवसभरात ते इतक्यांदा गेले की बांध दबला. दुसरं घर कोंडाजीभाऊंचं. त्यांची म्हैस चंद्री डबक्यात बसली होती आणि नायक नेमका त्या डबक्यासमोर उभा राहून रडणार होता. चंद्रीला उठवायचे सर्व प्रयत्न झाले. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, तिच्यामुळे वास्तव येतं.

इथे हेही नमूद करणं भाग आहे की हनुमंत आबांचा सुरज आणि कोंडाजीभाऊंची पायल यांची सुपारी फुटलेली होती. सुरज तळेगावच्या कंपनीत, पायल लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात काउंटरवर. पोरं एकमेकांना पसंत होती, पत्रिका जुळली होती, वैशाखातली तारीख धरली होती. मोडण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. उरला होता तो फक्त चित्रपट.

तो लागला तेव्हा अख्खा गाव दोन टेम्पोत बसून लोणावळ्याच्या थेटरात गेला. आबांनी दाढी केली होती, नवी टोपी घातली होती आणि कामशेतच्या बहिणीला सहकुटुंब बोलावून घेतलं होतं. चित्रपट सुरू झाला. नायक शहरातून आला, प्रेमात पडला, प्रेमातून पडला. मग आमचा बांध आला. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून इरल्याचं एक टोक आलं, हललं आणि गेलं. तेवढ्यात आबांच्या पत्नी येसूबाई अंधारात मोठ्यांदा म्हणाल्या, "त्ये बघा, त्ये टोक आपलंच." पण बघेपर्यंत टोक नव्हतं.

त्यानंतर नायक रडायला लागला. तो एक अख्खं गाणं रडला आणि गाणंभर त्याच्या खांद्यामागे चंद्री बसून होती. स्वच्छ, स्थिर, मधूनच कान हलवत. कोंडाजीभाऊ उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या पुण्याच्या पर्यटकांना वाटलं, गाणं गाजतंय, म्हणून त्यांनीही वाजवल्या. आबांनी मात्र टोपी काढून मांडीवर ठेवली. मला आबांचं खरंच वाईट वाटलं.

घरी जाताना दोन्ही व्याही एकाच टेम्पोत बसले, ही करवंदवाडीची ऐतिहासिक चूक होय. शहरात थेटरातून माणसं दहा दिशांना पांगतात आणि मतभेद रिक्षागणिक विभागले जातात. आमच्या टेम्पोतल्या सगळ्यांना एकाच दिशेला, एकाच गावी आणि एकाच हौद्यात जायचं होतं. कामशेतपर्यंत चर्चा कथानकावर होती. कान्हे फाट्याला ती अभिनयावर आली.

"पिक्चर लय भंगार हाय," आबा म्हणाले. "गोष्टच न्हाई त्यात."

"गोष्ट दिसाया नजर लागती, आबा," कोंडाजीभाऊ म्हणाले. "चंद्रीनं काय काम केलंय. त्यो रडतोय म्हनून तिनं तोंड फिरावलं, बघितलं न्हाई का तुमी?"

"म्हशीच्या जिवावर पिक्चर चालत न्हाई."

"आन् इरल्याच्या टोकावर चालतो व्हय?"

टाकवे ओलांडेपर्यंत सोयरीक मोडली होती. ज्या घराला चांगला चित्रपट कळत नाही त्या घरात पोरगी देणार नाही, असं कोंडाजीभाऊंनी जाहीर केलं. म्हशीला टाळ्या वाजवणाऱ्या घरातली सून नको, असं आबांनी. (सुरज आणि पायल थेटरात शेवटच्या रांगेत शेजारी बसले होते. नायक शेवटी जगतो की मरतो हे दोघांनाही सांगता आलं नाही. आम्ही खोलात गेलो नाही.)

दुसऱ्या आठवड्यात गावाने चित्रपट एकमत समिती नेमली. हेतू उदात्त होता: चित्रपट चांगला की वाईट हे एकदाचं ठरवायचं, ते सर्वांवर बंधनकारक करायचं आणि पोरांची लग्नं लावून द्यायची. अध्यक्ष म्हणून गेणूभाऊंची निवड झाली, कारण यात्रेतल्या कुस्त्यांचे ते पंच आहेत आणि त्यांचा निकाल आजवर कोणी फिरवलेला नाही (एकाने प्रयत्न केला होता, त्याचीच कुस्ती लावली). सचिव मी, कारण गावात चालू शिक्का माझ्याकडेच आहे. तो रेशन दुकानाचा आहे, पण शाई ओली आहे.

गेणूभाऊंनी पहिल्याच सभेत चित्रपट परीक्षणाचा प्रश्न मुळापासून सोडवला. प्रेक्षक आणि चित्रपट ही एक जोड आहे, असं त्यांनी सांगितलं. प्रेक्षकाची पाठ टेकली की तो चीत आणि चित्रपट विजयी. प्रेक्षक उठून गेला की चित्रपट चीत. मध्यंतरानंतरही दोघं नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले तर कुस्ती बरोबरीत सोडवायची. जगभर या विषयावर इतकी पुस्तकं निघाली, पण इतकी स्वच्छ कसोटी कोणाला सुचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

समिती पुन्हा थेटरात गेली. दुर्दैवाने त्या दिवशी आम्हाला मिळाल्या त्या खुर्च्या बटण दाबलं की आपोआप मागे झुकणाऱ्या होत्या. जाहिराती संपायच्या आत संपूर्ण समिती चीत झाली. खुद्द गेणूभाऊ, ज्यांची पाठ तालुक्यात कोणी पाहिली नव्हती, पाय वर करून पडले होते आणि बटण सापडत नव्हतं. चित्रपट सुरू होण्यापूर्वीच विजयी ठरला. कोंडाजीभाऊंनी वाडीत साखर वाटली, आणि आबांनी खुर्चीविरुद्ध हरकत घेतली. ती ग्राह्य धरण्यात आली.

मग बाहेरचा तज्ज्ञ आणायचं ठरलं. लोणावळ्यात भुशी धरणाच्या रस्त्याला एका बंगल्यात सुट्टीला येणारे एक समीक्षक होते. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि चित्रपटाला पाचपैकी दोन तारे दिले. उरलेले तीन कुठे गेले, असं मी सचिव या नात्याने विचारलं. ते म्हणाले, या चित्रपटात माणूस कुठेच दिसत नाही. हे वाक्य आबांना फार आवडलं, त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं. निघताना समीक्षकांच्या पत्नी फाटकापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या की याच दिग्दर्शकाला यांनी एक कथा दिली होती, त्याने ती वाचलीसुद्धा नाही. माणूस दिसत नाही म्हणजे नेमका कोणता, हे तिथे स्पष्ट झालं.

तिथून समितीच्या कामाला खरी दिशा मिळाली. मी घरोघर जाऊन पाहणी केली. तिचे ठळक निष्कर्ष असे:

ज्यांचा चेहरा पडद्यावर दिसला, त्यांच्यापैकी शंभर टक्के लोकांना चित्रपट हृदयस्पर्शी वाटला. फक्त पाठ दिसली त्यांना तो बरा, पण संथ वाटला. ज्यांचं शेत दिसलं त्यांना छायाचित्रण आवडलं. ज्यांच्या भाऊबंदाचं शेत दिसलं त्यांना छायाचित्रण भडक वाटलं. ज्यांचं काहीच दिसलं नाही त्यांना हल्ली पूर्वीसारखे चित्रपट निघत नाहीत असं वाटलं (पूर्वीच्या चित्रपटांतही ते नव्हते, पण तेव्हा ते तरुण होते). शकुबाई एकट्याच म्हणाल्या की दिसलं काही नाही, पण झोप छान लागली, परत न्या. त्यांचं मत समितीने अपवाद म्हणून बाजूला ठेवलं.

निष्कर्ष उघड होता. चित्रपट चांगला किंवा वाईट नसतोच. त्यात आपण किती आहोत, एवढाच मुद्दा असतो. अभिरुची, संस्कार, जाणकारी वगैरे शब्द हे आपण त्यात नाही हे सभ्यपणे सांगण्यासाठी निघालेले आहेत. मी हे टंकून घेतलं आणि शिक्का मारला.

पण वैशाख जवळ आला होता आणि दोन्ही घरं एकमेकांचं पाणी पीत नव्हती. सुरज कंपनीतून आला की नुसता ओट्यावर बसून राहायचा. अखेर एका रविवारी पायल स्वतः समितीसमोर आली. चिक्कीच्या काउंटरवर रोज पर्यटक हाताळून तिच्या आवाजाला एक शांतपणा आला आहे.

"गेणूतात्या," ती म्हणाली, "लग्नाचं शूटिंग बी पिक्चरच असतंय ना? त्यात कुनाला किती दाखवायचं ते आपल्याच हातात हाय. पन लग्नच न्हाई झालं, तर शूटिंग कशाचं करनार?"

आबांनी घसा साफ केला आणि विचारलं, "इरलं चालंल का त्यात?"

"चालंल की. पूर्न बांध चाला."

"आन् चंद्री?" कोंडाजीभाऊंनी विचारलं.

"तिलाबी घ्या."

अशा रीतीने लग्न ठरलं. ते चित्रपट काढण्यासाठी ठरलं, हे खरं, पण लग्नं याहून किरकोळ कारणांसाठीही ठरलेली आहेत. पायलच्या डोळ्यांत पाणी आलं, सुरजने मिशीवरून हात फिरवला आणि समितीने फुटेज वाटपाचं काम हाती घेतलं. कामशेतचा हौशीराम ड्रोनसकट ठरवला. प्रत्येक उंबऱ्याला समान वेळ, भाऊबंदकी असलेल्या घरांना वेगवेगळ्या दिशेने, ज्यांची गेल्या वेळी फक्त पाठ आली त्यांना या वेळी समोरून. शकुबाईंना झोपलेल्या स्थितीत.

लग्न थाटात झालं. भर उन्हात आबा इरलं पांघरून बांधावरून चालले, या वेळी पूर्ण, आणि मागे वळून कॅमेऱ्याला नमस्कार केला. चंद्रीला हळद लागली. पंधरा दिवसांनी देवळासमोर पडदा बांधून चित्रपट दाखवला. तो साडेचार तासांचा होता. त्याला कथा नव्हती, संवाद ऐकू येत नव्हते, एकच सनई उलटसुलट वाजत होती, आणि गावातला एकही माणूस जागचा हलला नाही. येसूबाई आणि कोंडाजीभाऊ एकाच सतरंजीवर बसून हुंदके देत होते. गेणूभाऊंनी उभं राहून विचारलं, चांगला की वाईट? 'चांगला' म्हणून सर्वांनी हात वर केले. करवंदवाडीच्या इतिहासात हा पहिला ठराव, जो एकमताने झाला आणि कोणाला समजावावं लागलं नाही.

तेवढ्यात मागून पायलचा आवाज आला. "आमी कुटं हाय यात?"

समितीने तपासलं. जागेच्या टंचाईमुळे काही काटछाट अटळ होती. अंतरपाट दूर होतो त्या क्षणाला समोरून आबा जात होते. सप्तपदीच्या वेळी दुधवाल्यांच्या आळीचा वाटा चालू होता. नवरीचा डावा हात आणि नवऱ्याची मुंडावळी, एवढं मात्र ठिकठिकाणी सुरेख आलं होतं. मी तिला समजावलं की नवरा-नवरी घरचेच, त्यांनी थोडं सोसायला हवं.

"लय वाईट पिक्चर हाय," पायल म्हणाली.

"तसा बरा हाय की," सुरज म्हणाला. (मुंडावळी त्याची होती.)

त्या दिवसापासून नवं जोडपं एकमेकांशी बोलत नाही. एवढ्या कष्टाने लागलेलं लग्न पुन्हा त्याच मुद्द्यावर येऊन अडलं आहे. समिती तातडीने भरली आणि असं ठरलं की आता मत गावाबाहेरच्या, ज्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही अशा माणसाचंच घ्यायचं. म्हणजे वाचकहो, आपलं, आणि चित्रपट आपल्यापर्यंत पोचवणं शक्य नसल्याने ते या हकिगतीवरूनच.

अट एकच आहे. ही हकिगत वाचताना आपण तिच्यात स्वतःला शोधलेलं नसावं. ज्यांना ती कंटाळवाणी वाटली, त्यांनी आपल्या गावाचं नाव यात नाही हे कारण देऊ नये, ते आम्हाला माहीत आहे. ज्यांना वाचताना आपला मेव्हणा, साहेब किंवा शेजारी हुबेहूब दिसला आणि म्हणून फार हसू आलं, त्यांनीही थांबावं. आणि हे ऐकल्यावर 'मग यातला मी कोणता' हे बघायला ज्यांनी आत्ता नजर हळूच वरच्या परिच्छेदांकडे नेली, त्यांनी मत कळवण्याची तसदी घेऊ नये. पुढच्या शूटिंगला इरलं घेऊन बांधावर यावं.