नारळाच्या वड्यांचा पूर्ण वर्ग

दहावीला गणितात मला दीडशेपैकी एकशे बेचाळीस होते! त्यामुळे सान्वी, माझी दहावीतली मुलगी, रविवारी दुपारी वही घेऊन माझ्याकडेच आली.

"बाबा, उद्या टेस्ट आहे. दहापैकी सहा नाही पडले तर क्लासवाले मला पहाटे सहाच्या बॅचला टाकणार! आणि हे पूर्ण वर्ग पद्धतीचं वर्गसमीकरण डोक्यातच शिरत नाहीये."

"स्वयंपाकघरात चल!"

ओट्यावर माझ्या बायकोच्या, हेमांगीच्या, नारळाच्या वड्या होत्या. तिची भिशी होती चार वाजता. समीकरण होतं, x वर्ग अधिक सहा x बरोबर सोळा. उत्तर दोन येतं हे मी मनातच काढलं होतं, म्हणून ताटात दोन बाय दोनचा चौरस मांडला, हा x वर्ग. सहा x चे दोन भाग केले. तीन x म्हणजे सहा वड्या उजवीकडे, तेवढ्याच सहा खाली. झाल्या सोळा.

"कोपरा रिकामा दिसतोय? तिथे तीन बाय तीन, नऊ वड्या. झाला पाच बाय पाचचा पूर्ण वर्ग!"

"पण बाबा, एकाच बाजूला कशा मिळवणार?"

हुशार पोरगी! मी दुसरं ताट घेतलं. त्यात सोळा आणि वर नऊ. पन्नास वड्या ओट्यावर पसरल्या आणि डबा रिकामा झाला.

तेवढ्यात हेमांगी आली. "अहो, हे काय! बायका लिफ्टमधून येतायत!"

"हात लावू नकोस, समीकरण बिघडेल!"

पण भिशीतल्या शालूताई थेट आत आल्या आणि एक वडी तोंडात टाकली. सान्वी ओरडली, "काकू, त्या ताटातलीपण एक घ्या! दोन्ही बाजू सारख्या राहायला पाहिजेत!" शालूताईंनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. मला तर भरून आलं. पोरीला कळलं होतं!

"म्हणजे x अधिक तीन बरोबर पाच, x दोन," ती म्हणाली. "आणि उणे पाच धरले तर x उणे आठ. तेपण लिहू?"

"उणे आठ वड्या कधी बघितल्यास का? खोड ते!"

टेस्टमध्ये दोन-दोन मार्कांची पाच गणितं होती. पाचही सान्वीने सुरेख सोडवली, आणि पाचही वेळा दुसरं उत्तर, पट्टी लावून, खोडलं. सरांनी प्रत्येकी एक मार्क कापला. दहापैकी पाच!

आता रोज पहाटे साडेपाचला मानपाडा रोडवर आम्ही दोघं स्कूटरवर असतो. सान्वी मागे बसून पेंगते. ती मला गणित विचारत नाही, आणि खरं सांगू? मीही विषय काढत नाही!