आमेन होईपर्यंत

सुकदेव मास्तर देवाचे आभार कशाकशाचे मानतील, याचं हीरालालशेठना भारी कुतूहल होतं. शिंदखेड्यात शेठचं किराणा दुकान आणि मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचं घर, दोन्ही एका भिंतीला. सायकलवरून पडून मास्तरांचा हात मोडला, तर डावाच मोडला म्हणून आभार. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरीपुढेही हा माणूस हात जोडी. एक ना एक दिवस याची जीभ अडेल, असं शेठना वाटे.

त्या दिवशी मास्तरांच्या एस्तेरला बघायला जळगावचे पंडितराव मुलाला घेऊन आले होते. मुलगा दानिएल देखणा, पण लाजाळूचं झाड. आजवर तीन मुली दाखवल्या, पठ्ठ्यानं एकदाही मान वर केली नाही. विचारलं की म्हणायचा, बघितलीच नाही, काय सांगू? पंडितराव मेटाकुटीला आले होते. इथं जमलं नाही तर हा विषयच बंद, असं त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं. ते ऐकून मास्तरांच्या पत्नी बेबाबाई लगबगीनं चुलीकडे वळल्या. चार घरचा गहू गोळा करून त्यांनी पुरणाचे मांडे केले होते.

शेठ जेवणार नव्हते. शेजारी म्हणून दाराशी खुर्चीवर बसले होते.

एस्तेरनं मांड्यांची परात मध्ये ठेवली आणि ती आईशेजारी बसली. सगळ्यांनी डोळे मिटले आणि मास्तरांनी आभार सुरू केले. पाहुण्यांचे, वेळेवर आलेल्या गाडीचे, गव्हाचे, गुळाचे, चुलीतल्या लाकडांचे. मास्तर लाकडांपर्यंत पोचले तेव्हा मागच्या दारानं बकरी आत शिरली आणि निवांतपणे मांडे खाऊ लागली. शेठ उठणारच होते. पण त्यांच्या घरी रोज पहिली पोळी गायीला जाई. यांच्यात बकरीला देत असतील, असं मनाशी म्हणून त्यांनी भक्तिभावानं हात जोडले.

आमेन झालं, डोळे उघडले. परातीत अर्धा मांडा उरला होता. बेबाबाईंनी कपाळावर हात मारला. मास्तरांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. जीभ अडली, शेठ मनात म्हणाले, आणि त्यांना मास्तरांची कीव आली.

"शेठ, तुमचे डोळे तर उघडे होते. बोलला का नाहीत?" पंडितरावांनी विचारलं.

"माले वाटनं, तुमनी रीत शे," शेठ ओशाळून म्हणाले. "आमना घर पहिला घास गायले, तुमना घर बकरीले. आनि हाऊ पोरगा नि ती पोर बी एकमेकले देखी राहिंतात. त्या काही बोलनात नई, मंग मी कसाले बोलू?"

सगळ्यांच्या माना त्या दोघांकडे वळल्या. बकरी आली म्हणावं, तर डोळे उघडे होते हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून दोघं गप्प राहिले होते. एस्तेरनं पदर तोंडाशी नेला.

"काय रे, बघितलीस?" पंडितरावांनी विचारलं.

"हो," दानिएल म्हणाला. मग हळूच, "आवडली."

मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले आणि बकरीपासून आभारांना सुरुवात केली. ह्या खेपेला मान म्हणून शेठनीही डोळे मिटले. त्यामुळे उरलेला अर्धा मांडा कुणी खाल्ला हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि ते बोलले नाहीत.