टिटवीची तातडीची पोस्ट

एका जंगलात, बाळांनो, बोलायला बंदी नव्हती. फक्त लांब बोलायला होती.

तिथल्या जुन्या वडावर सुतारपक्षी सगळ्यांच्या पोस्ट कोरायचा. एका पोस्टला चाळीस अक्षरं, बस्स. त्याहून जास्त कोरलं की त्याची चोच दुखायची. त्यात एक रीत होती. सुरुवातीला महाराजांची बिरुदं हवीतच. स्वतःचं म्हणणं उरल्या जागेत कोंबायचं.

एके दिवशी टिटवीला पूर्वेच्या टेकडीवर वणवा दिसला. टेकडीखालच्या गवतात तिची अंडी होती. हत्तींनी पाणी आणून ओतलं तरच ती वाचणार होती. बिचारी धापा टाकत वडाकडे आली.

सुतारपक्ष्याने कोरलं: 'वनभूषण, अरण्यरत्न, डरकाळीसम्राट सिंहमहाराजांचा विजय असो. आजच पूर्वेच्या टेकडीवर'

अक्षरं संपली.

लाईकचा पाऊस पडला. सशाने 'छान जागा' म्हटलं. माकडाने फोटो मागितले. आपल्याला बोलावलं नाही म्हणून अस्वल रुसलं.

टिटवीचा पारा चढला. "बिरुदं गेली चुलीत," ती म्हणाली. "एवढंच कोर. आग. पाणी आणा."

आता मात्र जंगल वेडं झालं. इतकं आटोपशीर कोणी लिहिलंच नव्हतं. कोल्ह्याने तिथल्या तिथे समिती नेमली, टिटवीला पुरस्कार जाहीर केला आणि सत्कार तिच्याच गवतात ठेवला. हत्तींनी पाणीही आणलं. पाहुण्यांना प्यायला.

टिटवीला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. "अहो, माझी अंडी," ती कळवळून म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तीन शब्दांत मनोगत आजवर कोणी उरकलं नव्हतं.

मग महाराज उठले. भाषणाला अक्षरमर्यादा नव्हती. थोडक्यात बोलण्याचे फायदे ते सविस्तर सांगत होते, तेवढ्यात एक ठिणगी उडून त्यांच्या शेपटीवर बसली.

"आग," महाराज म्हणाले.

सगळ्या सोंडा एकदम उठल्या. महाराज गवतभर पळाले. हत्ती पाणी मारत मागे पळाले. समिती हत्तींच्या मागे पळाली. गवत चिंब झालं, वणवा कडेलाच विझला आणि अंड्यांवर कोणाचा पायही पडला नाही. टिटवी आनंदाने वेडीपिशी झाली.

दुसऱ्या दिवशी समितीने तिचा पुरस्कार परत घेतला. महाराजांचं म्हणणं तिच्यापेक्षा दोन शब्दांनी आखूड भरलं होतं. शालही नेली आणि महाराजांच्या शेपटीला गुंडाळली.

तात्पर्य: बाळांनो, थोडक्यात लिहायला जरूर शिका. पण कोणी वाचावं असं वाटत असेल, तर आग आधी योग्य शेपटीला लागू द्या.