विभूती लावलेला कॅन

भालकीच्या मार्केटात तुरीची आडत चालवणाऱ्या सोमशेखरअण्णांना मूठभर तूर हातात घेतली की तिच्यात ओल किती ते कळतं. तेवढ्यावरून त्यांचा असा समज झाला होता, की आपल्याला सगळंच कळतं! इंजिन तर कळतंच कळतं.

"डिझेलमध्ये टू-टी ऑइल घाला," दुकानात येईल त्याला ते सांगत. "फवारणीच्या पंपाला पेट्रोलमध्ये घालत्यात, त्येच! टाकीला पावशेर बास. धूर बंद, आवाज बंद. बोनेटवर चहाचा कप ठेवा, थेंब सांडला तर नाव बदलून ठेवीन!"

हे ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओतून आलेलं. प्रयोग मात्र अजून झाला नव्हता, कारण घरात त्यांच्या पत्नी जगदेवीअक्का होत्या. अण्णांनी आणलेली टू-टीची बाटली त्यांनी दोनदा पकडली आणि दोन्ही वेळा शेजारच्या शेतकऱ्याला फवारणीसाठी देऊन टाकली.

अण्णांची जीप बावीस वर्षांची. ती गल्लीतून निघाली की बायका धावत येऊन वाळत घातलेल्या शेवया झाकायच्या. त्यात लेकीचा, शैलश्रीचा, कुबसा ठरला. कुबसा म्हणजे सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण, आणि तेही तिच्या सासरी, निंबर्ग्याला. अक्कांनी आदल्या आठवड्यातच बजावलं, "व्याह्याच्या दारात जीपनं धूर सोडला की दुसऱ्या दिवशी ती भंगारात. मग माझ्या नावानं वरडायचं न्हाई!"

ह्याच जीपमधून अण्णांनी शैलूला पहिलीच्या वर्गात सोडलं होतं. आता टू-टीशिवाय वाट नाही!

तिसरी बाटली त्यांनी दुकानातच तेलाच्या एका रिकाम्या पांढऱ्या कॅनमध्ये ओतली. ऑइल मिलवाल्यानं दिवाळीत तसले चार कॅन भेट दिले होते, ते घरभर फिरत असत. आपला कॅन ओळखू यावा म्हणून अण्णांनी त्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. लिंगायताच्या घरात विभूती लावलेल्या वस्तूवर कोण संशय घेईल? स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी तो जीपच्या मागच्या सीटखाली सारला.

निघायच्या दिवशी सकाळी अण्णा पुढची काच पुसण्यात गुंग होते. मागं अक्का बुत्ती, म्हणजे शिदोरी, भरत होत्या. कडक भाकरी, शेंगापोळ्या, शेंगाचटणी आणि घाण्यावरून तसल्याच एका कॅनमध्ये काढून आणलेलं करडीचं तेल. कारण शैलूनं फोनवर एकच मागितलं होतं, "अव्वा, मला मिरचीभजी पायजे. तुझ्या हातची, आपल्या करडीच्या तेलातली, गरम गरम. इथं कुणी करडीचं तेलच आणत न्हाई!" सगळं सीटखाली ठेवून झाल्यावर अक्कांनी शुभकार्याला निघताना दर वेळी करतात तसंच केलं. प्रत्येक डब्याला, टोपलीला आणि कॅनला विभूतीची तीन बोटं ओढली.

हुमनाबादला अण्णांनी पंपावर जीप लावली. रस्त्यापलीकडं अक्कांच्या धाकट्या भावाचं, नागेंद्रचं, डिझेल गाड्यांचं गॅरेज. त्यालाही कुबशाला यायचं होतं. अक्का त्याला बोलवायला गेल्या आणि अण्णांनी संधी साधली! सीटखाली हात घातला, विभूतीचा कॅन लागला. झाकण काढून त्यांनी पावशेराच्या जागी अर्धा कॅन टाकीत रिचवला. लेकीचं कार्य, हात आखडता कशाला? वास घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पंपावर सगळाच वास डिझेलचा!

जीप हायवेला लागली आणि अण्णांचा चेहरा खुलला.

"नागेंद्र, आवाज ऐकायलास का?"

"ऐकायलोय की, दाजी."

"कसाय?"

"झकास!" नागेंद्र खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. त्याचे खांदे का हलत होते ते अण्णांना कळलं नाही.

"आन् धूर बघ मागं! हाय का?"

"न्हाई की!"

तेवढ्यात अक्कांनी नाक वर केलं. "आवं, कुठंतर भजी तळायलेत."

"ढाबे हायेत की गं चहूकडं!"

हुमनाबादचे ढाबे मागं पडले, तरी वास काही मागं पडेना. तुरीच्या रानातून जातानाही भज्यांचा वास! आळंदच्या पुढं एका फाटकाला जीप थांबली, तर दोन कुत्री मागच्या चाकाशी येऊन शेपट्या हलवत बसली. "तुला शैलूची काळजी लागलीय, म्हणून भजीच भजी दिसायलेत," अण्णांनी अक्कांची समजूत घातली.

निंबर्ग्यात व्याही बसवप्रभु दारातच उभे होते. जीप आली, थांबली आणि धुराचा एक धागा निघाला नाही! अण्णांनी उतरताच छाती पुढं काढली. अक्का विहीणबाई निलम्मांबरोबर आत गेल्या आणि अण्णांनी अंगणातल्या पाहुण्यांपुढं जीप पुन्हा चालू केली. बोनेटवर चहाचा कप ठेवला. कप थरथरला, पण सांडला नाही.

"बावीस वर्साची हाय, खरं वाटतंय का? टू-टीची कमाल! बायको न्हाई म्हणायली, मेव्हणा न्हाई म्हणायला. म्या ऐकलो न्हाई!"

बसवप्रभु भारावले. "अण्णा, माझ्या ट्रॅक्टरला घालावं म्हणतो. किती घालू?"

अण्णा प्रमाण सांगायला तोंड उघडणार, तोच आतून आरोळी आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निळ्या धुराचा लोट निघाला आणि अंगणभर फटफटीचा वास सुटला! निलम्मा खोकत बाहेर आल्या, त्यांच्यामागं पदर तोंडाला लावून अक्का. अक्कांच्या हातात पांढरा कॅन होता.

"तेल तापवायला ठिवलं तर ह्ये असं! अजून एक भजंबी सोडलं न्हाई त्यात. ह्ये करडी न्हाई!"

नागेंद्रनं कॅन हुंगला. "अक्का, ह्ये टू-टी हाय."

कॅनवरची विभूतीची तीन बोटं सगळ्यांना दिसत होती.

"मग दाजी," नागेंद्रनं हळूच विचारलं, "जीपमध्ये काय घातलाव?"

शैलश्री हिरव्या इरकलीत, हातभर बांगड्या घालून दारात आली होती. तिनं नाक वर करून वास घेतला. "अव्वा, आपल्या करडीच्या भज्याचा वास यायलाय! जीपमधून!" ती हसली खरी, पण हसता हसता तिचे डोळे भरले. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीनं जन्मात एक गोष्ट मागितली आणि ती त्यांनी टाकीत ओतली!

"अर्धा कॅन उरलाय, बाळा," ते पुटपुटले आणि स्वतःच सीटखाली वाकून दुसरा कॅन काढून आणला. ह्या वेळी आधी वास घेतला.

भजी झाली. शैलूनं अकरा खाल्ली. सगळे जेवून अंगणात बसले, तेव्हा बसवप्रभुंनी शंका काढली, "पण अण्णा, टू-टी तर पडलंच न्हाई. मग धूर कामून बंद झाला?"

अण्णांनी वर बघितलं. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं!

नागेंद्रनं बहिणीकडं बघितलं. अक्का पानाला चुना लावत म्हणाल्या, "सांग आता."

"मागल्या आठवड्यात हॉर्नसाठी जीप ठिवला होताव न्हाई का, दाजी? अक्कानं इंजिनातली चोंदलेली डिझेलची नोझल काढून साफ करायला लावली. पंपाचंबी काम केलो. तवापास्नंच धूर बंद हाय, तुमी मागं बघितलावच न्हाई! तुमाला सांगायचं न्हाई म्हणली."

"आन् भंगारात घालते म्हणलीस ती?" अण्णांनी अक्कांना विचारलं.

"घालायची असती तर कवाच घातली असती," अक्का म्हणाल्या. "शैलूला बाळंतपणाला आणायचंय की तिच्यातूनच."

अण्णांना बायकोकडं बघायचं धाडस होईना, म्हणून ते उठून जीपपाशी गेले. बोनेटवरून हात फिरवला. मागोमाग आलेल्या नागेंद्रच्या खांद्यावर हात टाकला. मग आजूबाजूला बघून त्याच्या कानाशी लागले.

"नागेंद्र, नोझलचं खरंच हाय. पर करडीनंबी जरा फरक पडला असंलच की रं?"