खारट भरीत, तिखट केक

रावेरच्या चौधरी घराण्यातील पुरुषांची नावे सातबाऱ्यावर चढली आणि बायकांची चुलीवर. केशरबाईंची बट्टी अशी, की ती फोडल्यावर निघणाऱ्या वाफेनेच पाहुण्याचे अर्धे जेवण व्हावे. केशरबाईंच्या सूनबाई पुनाबाई. त्यांनी दोनशे माणसांचे वरण केले, पण देवाला दाखवण्याआधी कधी जिभेला लावले नाही, आणि तरी ते कधी चुकले नाही. पुनाबाईंच्या सूनबाई भागाबाई. त्यांच्या हिरव्या वांग्यांच्या भरताचा वास सुटला, की गल्लीतल्या बायका आपापल्या भाज्या झाकून ठेवीत. भागाबाईंच्या सूनबाई पुष्पाबाई, आणि ही हकीकत त्यांची आहे.

या लौकिकाला डाग एकच, आणि तोही भागाबाईंच्या नावावर. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी थोरल्या लेकीच्या साखरपुड्याला, मळ्यात, साठ माणसांचे भरीत इतके खारट झाले, की पाहुण्यांनी विहिरीची मोट चालू करायला लावली. त्या वेळी भागाबाई स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मीठ मी टाकलं." तेव्हापासून दर हिवाळ्यात पहिले भरीत झाले, की त्यांचे चिरंजीव, म्हणजे पुष्पाबाईंचे यजमान रुपचंद नाना, न चुकता म्हणत, "बघा हं, आईचं भरीत नको व्हायला!" सारे घर हसे. पुष्पाबाई मात्र त्या क्षणी पुऱ्या पाहायला उठून जात. सासूबद्दलचा आदर, असे घरात समजले जाई.

आता हे घराणे जळगावात पिंप्राळ्याला राहते. पुष्पाबाईंचे वय सासष्ट. मुलगा प्रेमराज, सून रूपा आणि नाना यांच्यावर त्यांचा अंमल आहे, आणि तो कोणी मोडल्याची नोंद नाही.

प्रकरण सुरू झाले ते किरणच्या धुळ्याहून आलेल्या फोनने. किरण म्हणजे पुष्पाबाईंची लेक. तिच्या मुलीला, विधीला, तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला होता. गव्हाचा कणही पोटात गेला, तर पोर आठवडाभर आजारी पडे.

"आई, आठवा वाढदिवस तुझ्याकडे करू म्हणते," किरण म्हणाली. "केकचं मात्र काही करू नको. ती कापते, बाकीचे खातात, तिला मी राजगिऱ्याचा लाडू देते. सवय झाली आता तिला."

"कशाची सवय?"

"बघत बसायची."

पुष्पाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "पोरीला विचार, तिला फळ कोणतं आवडतं."

"सफरचंद. पण आई, ते फार किचकट असतं. आमच्या सासूबाई म्हणतात, गव्हाबिगर केक म्हणजे..."

"विहीणबाईंना म्हणावं, जेवायला या."

कृती किरणनेच पाठवली. भाजलेल्या सफरचंदांचा गर, ज्वारीचे पीठ, गूळ, तूप, दही आणि सोडा. खाली ठळक अक्षरांत एक सूचना होती : भांडी, पीठ, भट्टी, कशालाही गव्हाचा स्पर्श नको. पुष्पाबाईंना सोवळे कोणी शिकवायची गरज नव्हती. रूपाच्या विजेच्या भट्टीत सात वर्षे गव्हाची नानकटाई भाजली गेली होती, म्हणून ती पहिल्याच दिवशी बाद झाली. त्यानंतर घरघंटी बाद झाली. मग त्या स्वतः ज्वारीची दहा किलोंची पिशवी प्रेमराजच्या स्कूटरवर ठेवून कोपऱ्यावरच्या योगेंद्रच्या चक्कीवर गेल्या.

"योगेंद्र, दगड खोल."

"अक्का, रांग पाहून ऱ्हायल्या ना? आठ डबे लागेल आहेत."

पुष्पाबाईंनी रांगेकडे वळून पाहिले. "तुमच्यापैकी कोणाच्या नातीचा वाढदिवस आहे का?"

कोणाच्याच नातीचा नव्हता.

"खोल दगड."

दगड उघडले गेले. योगेंद्रने कुंच्याने झाडले, तेव्हा पुष्पाबाईंनी कुंचा त्याच्या हातातून घेतला आणि पुढचा पाऊण तास स्वतः झाडले. तीस वर्षांचे पीठ कानाकोपऱ्यांतून उठले आणि त्यातले निम्मे त्यांच्या नाकात गेले. मग पहिल्या आठ किलो ज्वारीने चक्की धुतली आणि शेवटच्या दोन किलोंचे शुद्ध पीठ कोऱ्या पिशवीत भरले. परतताना प्रेमराजने वाटेत खिशातले बिस्कीट तोंडात टाकले, म्हणून घरी पोचताच त्याला अंघोळीला पाठवण्यात आले.

"ह्या आठ किलोंच्या भाकरी कोण खाणार?" नानांनी उरलेल्या पिठाच्या डब्याकडे बोट दाखवून विचारले.

"तुम्ही."

वाढदिवसाच्या सकाळपर्यंत पुष्पाबाईंचे नाक पूर्ण चोंदले होते. पण भट्टीचा प्रश्न त्यांनी सोडवला होता. ज्या हाताने हजारो वांगी भाजली, तो हात सफरचंदांना भिणार नव्हता. गच्चीवर कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवण्यात आल्या आणि बारा सफरचंदे त्यांत रांगेने निजवण्यात आली. विधी आदल्या संध्याकाळीच आईबरोबर येऊन राहिली होती. ती धुरात डोळे पुसत शेजारी बसून होती.

"आजी, हा केक मी खायचा?"

"तूच."

"कापायचा, आणि मीच खायचा? म्हणजे खरं खरं?"

"पहिला घास तुझा. बाकीच्यांनी बघत बसायचं."

पोर इतकी हसली, की पुष्पाबाईंना दुसरीकडे पाहावे लागले.

सफरचंदे मऊ झाली. साल काढून गर वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, भरीत ठेचण्याच्या लाकडी भांड्यात पडला. ते भांडे नवे कोरे होते, गेल्याच महिन्यात आणलेले, आणि त्याने अजून ना गहू पाहिला होता ना वांगे. दुपारच्या जेवणाला मोठ्यांसाठी भरीतही करायचे होते, म्हणून रूपाने सकाळीच सोळा हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून शेजारी वाटी भरून ठेवली होती. इतक्यात खाली गाडी थांबली. विहीणबाई अर्धा तास आधीच येऊन पोचल्या होत्या.

धुळ्याच्या ताईबाई पुष्पाबाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या आणि अजून सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवत. हे त्यांनी लग्नाच्या बैठकीत सांगितले होते, मुंजीत सांगितले होते आणि एकदा एका तेराव्यालाही सांगितले होते. त्यामुळे त्या घरात असेपर्यंत पुष्पाबाई चष्मा लावत नसत. त्यांनी तो काढून कपाटात ठेवला आणि गर तसाच टाकून विधीला घेऊन स्वागताला खाली गेल्या.

त्याच वेळी दूध घेऊन रूपा मागच्या जिन्याने वर आली. तिला समोर दिसले ते लाकडी भांडे, त्यात वाफाळणारा, सोललेला, फिकट गर आणि शेजारी मिरचीची वाटी. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंनी तिला बजावले होते, "गर गरम आहे तोवरच मिरची पडली पाहिजे. कोणाला विचारत बसायचं नाही." अकरा वर्षांत तिने एकदाही विचारले नव्हते. तिने मिरची-लसूण टाकला, मीठ टाकले, कोथिंबीर टाकली, जोर लावून ठेचले आणि समाधानाने खाली गेली.

पुष्पाबाई परत आल्या. चष्मा नाही, नाक बंद, आणि नैवेद्याआधी चाखणे या घराण्याला मान्य नाही. गरात काही हिरवट दिसले, ते त्यांनी सालीचे तुकडे समजून सोडून दिले. पीठ, गूळ, तूप, दही, सोडा पडला. जाड पातेल्यात तापलेल्या वाळूवर केकचे भांडे बसले, झाकण पडले, आणि विधी त्याच्यासमोर पाट घेऊन पहाऱ्याला बसली.

पाऊण तासाने रूपा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिच्या हातात टोपली होती आणि टोपलीत सहा मोठी हिरवी वांगी.

"आई, ही वांगी कशी उरली? भरीत तर मी केलं मघाशी."

"कुठलं भरीत?"

"ते... लाकडी भांड्यातलं."

पुष्पाबाईंनी विधीला बाहेर फुगे मोजायला पाठवले आणि दार लोटून घेतले.

"त्यात सफरचंद होतं."

रूपा टोपलीसकट खाली बसली.

"किती मिरच्या?"

"सोळा."

"लसूण?"

"दोन गड्डे. आणि मीठ. आणि कोथिंबीर."

बाहेर ताईबाईंचा आवाज चढत होता. "नासिकथून मांगाडेल केक, तोबी इटनामायक लागना! आते आमन्या विहीणबाई काय करतीस, ते देखूत!" नाशिकहून मागवलेला केकही त्यांना विटेसारखा लागला होता. घरात सफरचंद एकही उरले नव्हते. तीन वाजता मंडळींना धुळ्याला परत निघायचे होते. आणि दाराच्या फटीतून विधीचा एक डोळा पातेल्याकडे लागला होता.

"आई, मी जाऊन सांगते. माझ्या हातून झालं म्हणते."

पुष्पाबाईंनी तिला हाताने थांबवले. "मिरचीत गहू असतो का गं?"

"नाही."

"लसणात?"

"नाही, आई."

"मग केक शुद्ध आहे. तोंड धू आणि ताटल्या काढ."

केक दिसायला देखणा झाला होता. बदामी रंगाचा, मधोमध फुगलेला, कडांना खरपूस. विधीने मेणबत्ती विझवली, केक कापला आणि पहिला घास, आजीने कबूल केल्याप्रमाणे, स्वतः खाल्ला. नियमाप्रमाणे बाकीचे बघत बसले होते. पुष्पाबाई चष्म्याशिवाय पाहत होत्या. तरीही पोरीचे कान लाल झालेले त्यांना स्पष्ट दिसले.

ती चावत राहिली. तिच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आला.

आता ताईबाईंनी तुकडा तोंडात टाकला. त्यांचा जबडा दोनदा हलला आणि थांबला.

"आय माय माय! हाई मिरची कोनी टाकी?"

रूपा भिंतीला टेकली होती. पुष्पाबाईंनी तिच्याकडे पाहिले. एक वाक्य पुरेसे होते, 'सुनेच्या हातून झालं'. ते खरेही होते. चार पिढ्यांचे नाव जागच्या जागी शाबूत राहिले असते.

पण रूपाच्या त्या चेहऱ्यात त्यांना दुसरीच सून दिसली. रावेरच्या मळ्यात, साठ माणसांच्या पंगतीच्या टोकाला उभी असलेली, सासरी चष्मा लावायला लाजणारी, एकदा टाकलेले मीठ विसरून दुसऱ्यांदा मूठभर टाकणारी, बावीस वर्षांची. त्या दिवशी भागाबाईंनी सुनेकडे एकदाच पाहिले होते. नंतर घरी गेल्यावरही त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि मरेपर्यंत दर हिवाळ्यात मुलाची थट्टा ऐकून घेत हसल्या होत्या.

पुष्पाबाई उभ्या राहिल्या.

"मिरची मी टाकली."

"तू?" नानांच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

"मी. सोळा."

तेवढ्यात खालून रिकामी ताटली पुढे आली. "आजी, अजून," विधी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंड कानापर्यंत पसरले होते. "हा तिखट केक फक्त माझा आहे ना? बेकरीत असा मिळतच नाही."

"देखा, देखा, पोर बठ्ठा खाई ऱ्हायनी!" ताईबाईंनी स्वतःच्या तुकड्याकडे पुन्हा पाहिले. त्यांनी त्यावर चमचाभर तूप ओतले, एक घास घेतला, विचार केला, आणि दुसरा घेतला. तिसऱ्यानंतर त्या म्हणाल्या, "माले बी आखो एक द्या. गोड बी शे, तिखट बी शे. किरण, लिखी ले. विहीणबाई, सांगा."

पुष्पाबाईंनी पापणीही न हलवता सांगितले, "सफरचंद बारा. भाजायची कपाशीच्या काड्यांवर. मिरच्या सोळा. लसूण दोन गड्डे. गर गरम आहे तोवर घालायचा, कोणाला विचारत बसायचं नाही."

रूपाने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, हे पुष्पाबाईंनी पाहण्याचे टाळले.

केक संपला. नानांना मात्र राहवले नाही. "चला, बरं झालं! आता दर हिवाळ्याला आईच्या भरताबरोबर हिच्या केकचंही नाव निघेल. घराण्यात एका खारटाला एक तिखट सोबती मिळाला."

सारे घर हसले. या वेळी पुष्पाबाई पुऱ्या पाहायला उठल्या नाहीत. त्या कपाटाकडे गेल्या, चष्मा काढला, ताईबाईंच्या देखत डोळ्यांवर चढवला आणि नानांच्या समोर येऊन बसल्या.

"केकचं नाव खुशाल काढा. भरताचं आजपासून काढायचं नाही. त्यात मीठ आईंनी टाकलंच नव्हतं."

"म्हणजे? ती स्वतः उभी राहून म्हणाली होती!"

"म्हणाल्या होत्या. टाकलं मी होतं. दोनदा."

चव्वेचाळीस हिवाळ्यांच्या थट्टा एकदम नानांच्या गळ्याशी आल्या असाव्यात, कारण त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून उभ्याउभ्याच रिकामा केला.

"आता आईंच्या नावावर काही राहिलेलं नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. "जे काही आहे, ते माझ्या नावावर."

दाराशी रूपा ताटल्या घेऊन थबकली होती. सासूबाईंनी चष्म्याच्या काचेवरून तिच्याकडे पाहिले, आणि रूपाला सगळे समजले.

भागाबाईंचे एका सुनेवरचे मूठभर मिठाचे ऋण त्या घरात दुसऱ्या सुनेपाशी, सोळा मिरच्यांच्या व्याजासह, पुरते फिटले होते.